बुटातली गादी किती टिकते?

टाचेखाली जवळजवळ चार सेंटिमीटर फोम, एका बुटाचं वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास आणि जोडीची किंमत पंधरा हजारांच्या घरात. असे जाड गादीचे धावण्याचे बूट आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाहीत. सांगली-तासगाव रस्त्यावर माधवनगरहून बुधगाव, कवलापूरकडे पहाटे पळणाऱ्यांच्या पायांतही ते दिसतात. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू झाली की जरा जास्तच. मीही असा एक जोड पावसाळा आणि पुढचा हिवाळा वापरला आहे. आराम आणि टिकाऊपणा या दोन गोष्टी दुकानात एकाच दमात सांगितल्या जातात. त्या वेगवेगळ्या मोजायला हव्यात, असं माझं ठाम मत झालं आहे.

हे मत तावून सुलाखून घ्यायला माधवनगरात माझ्या ओळखीचं एकच घर आहे. शाळेतले आमचे क्रीडाशिक्षक तिथे राहतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सकाळचं मैदान चुकत नाही. आम्हाला त्यांनी अनवाणी खो-खो शिकवला आणि पायाबद्दलची त्यांची मतं आजही तितकीच पक्की आहेत. मी माझा वापरलेला जोड नेला. माझ्या बहिणीनं नुकताच घेतलेला त्याच मॉडेलचा, त्याच मापाचा कोरा जोडही बरोबर होता. दोन्ही जोड टेबलावर ठेवले आणि बोलणं सुरू झालं.

सर – केवढा उंच झालाय गं तळ! यावर उभी राहिलीस की पायाखालची जमीन तुला कळती तरी का?

मी – कमी कळते, सर. मला तेच हवं आहे. डांबरी रस्त्यावर दीड-दोन तास पळाल्यावर पूर्वी तळवे ठणकायचे, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळ यायची. या बुटात ते बरंच कमी झालंय.

सर – आणि बूट काढल्यावर? गादीची सवय लागलेला पाय उद्या शेताच्या बांधावरून चालला तर मुरगळणार नाही? पायात सव्वीस हाडं आहेत, तळव्यात बारीक बारीक स्नायू आहेत. त्यांना काम दिलं नाहीस तर ते आळसावणारच. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन पळाला आणि जिंकला. २ तास १५ मिनिटं १६ सेकंद! दगडी फरसबंदीवरून.

मी – तोच बिकिला चार वर्षांनी टोकियोत बूट घालून पळाला, सर, आणि २ तास १२ मिनिटांत आला.

सर – तो जिंकला तो पायामुळं. बरं, लांबचं राहू दे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेड्यातली शेतकरी माणसं अनवाणी लांब पल्ला पळताना सर दोराबजी टाटांनी पाहिली. ही माणसं ऑलिंपिकला जायच्या लायकीची आहेत, असं त्यांना वाटलं आणि पुढच्या वर्षी आपला संघ अँटवर्पला गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथं मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. त्या माणसांना पाय काय बाजारात मिळाला होता? आणि आपल्या बारामतीच्या लता करे. साठी ओलांडलेली बाई, नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी शर्यतीत उतरली आणि जिंकली.

लता करे यांचं नाव निघालं की मला वाद घालवत नाही. पण त्या अनवाणी पळाल्या ते गरजेपोटी, पायाला बूट नको म्हणून नव्हे. सरांना मी तसं सांगितलं आणि त्यांनी मान हलवली. शिवाय अनवाणी पळणाऱ्या त्या शेतकऱ्यांचे पाय लहानपणापासून मातीत तयार झालेले होते. बँकेत, ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसून चाळिशीत पळायला लागलेल्या माणसाला त्यांच्या पायाचं उदाहरण लागू पडत नाही.

सर – मग त्यानं आधी चालावं. मग पळावं. बुटानं ती मधली पायरी गाळायला शिकवलंय लोकांना.

हे बोलणं मला पटतं. तरीही जाड गादी ही निव्वळ फॅशन आहे, हे मात्र पटत नाही. २००९ साली दोन उलट गोष्टी एकाच वेळी घडल्या. क्रिस्टोफर मॅक्डूगल यांचं ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आलं आणि जगभर अनवाणी किंवा पातळ तळाच्या बुटांत पळायची लाट उठली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये होका ही कंपनी सुरू झाली. डोंगर झपाट्यानं उतरताना पायाला बसणारे दणके कमी व्हावेत म्हणून तिनं भलताच जाड तळ काढला. पहिली लाट लवकर ओसरली. पायाच्या बोटांसारखे आकार असलेले पातळ बूट विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीनं आरोग्याच्या दाव्यांवरून झालेला खटला २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलर देऊन मिटवला. दुसरी लाट वाढतच गेली. शेवटी २०२० मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या स्पर्धांसाठी तळाच्या जाडीवर ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली.

सर – मर्यादा घातली म्हणजे त्यात काहीतरी फायदा मिळतो, असंच ना?

मी – वेगवान धावपटूंना मिळतो, पण तो वेगळ्या, उसळत्या फोमचा आणि आतल्या कडक पट्टीचा. आपण बोलतोय तो बूट वेगासाठी नाही, आरामासाठी आहे. याच्यात पट्टी नाही.

सर – आराम म्हणजे काय, ते तरी नीट सांग. दुकानात चार पावलं टाकली आणि मऊ लागलं, एवढाच आराम?

प्रश्न नेमका होता. दुकानातला मऊपणा आणि तासाभरानंतरचा आराम यांत फरक असतो. पहिल्या दोन किलोमीटरला हा बूट अतिशय सुखाचा वाटतो. दहाव्या किलोमीटरला पाय थोडा बुडतो, घोट्याला तोल सांभाळायचं जास्त काम पडतं आणि काहींच्या पोटऱ्या भरून येतात. मला तो त्रास झाला नाही. माझ्याबरोबर पळणाऱ्या एका मैत्रिणीला झाला आणि तिनं हाच बूट महिन्याभरात बाजूला ठेवला. पंजाखालचा तळ पुढं वळवलेला असतो, त्यामुळं पाऊल उचलताना अंगठ्याचा सांधा कमी वाकतो. ज्यांचा अंगठा आखडलेला आहे, त्यांना हे फार बरं वाटतं. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घालून बघावा. पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा हवी. चैत्र-वैशाखात सांगलीच्या उन्हात वरचं कापड जाळीदार नसेल तर मऊ गादीचा काडीचाही उपयोग नाही, पाय आतल्या आत उकडून निघतो.

मी – दणका कमी बसतो का, हाच तुमचा प्रश्न असेल ना? याचं उत्तर सरळ नाही, सर. २०१८ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी बारा धावपटूंना साधा बूट आणि असा जाड गादीचा बूट घालून पळवलं आणि जमिनीचा धक्का मोजला. जाड बुटात धक्का उलट वाढला. ताशी साडेचौदा किलोमीटरच्या वेगाला जवळजवळ ११ टक्क्यांनी, ताशी दहाच्या वेगाला साधारण साडेसहा टक्क्यांनी.

सर – बघ! मी काय म्हणतोय मग? खाली मऊ लागलं की माणूस पाय ताठ ठेवून आपटतो. मैदानावर रोज बघितलंय मी हे. वाळूत उड्या मारणाऱ्या पोरांना सिमेंटवर आणलं की पहिल्या उडीला आपसूक गुडघा वाकतो.

मी – त्या संशोधकांचंही म्हणणं असंच आहे, की मऊ बुटात पाय जास्त ताठ राहतो. पण दुसरी बाजूही ऐका. लक्झेंबर्गमध्ये आठशेहून जास्त हौशी धावपटूंना चिठ्ठ्या टाकल्यासारखे मऊ आणि कडक असे दोन तऱ्हांचे बूट दिले. दिसायला सारखे. कोणाला कुठले दिलेत हे त्यांनाही माहीत नव्हतं. सहा महिन्यांत कडक बूटवाल्यांना इजेचा धोका दीडपट निघाला. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं.

सर – मग जाड माणसांना मऊ बूट द्यावा, असं ठरलं का?

मी – तिथंच गंमत आहे. फायदा दिसला तो हलक्या वजनाच्या लोकांना. जड माणसांत तसा फरक दिसला नाही. आणि ते बूट मऊ होते, एवढे उंच नव्हते. मऊ आणि जाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुकानदार नेमका उलटा सल्ला देतात, वजन जास्त असेल तर सगळ्यात जाड गादी घ्या म्हणून. जड माणसाच्या पायाखाली मऊ फोम लवकर बसतो. तळ कमी-जास्त दबला तर टाच एका बाजूला कलते. वजनदार धावपटूनं जाडी बघण्यापेक्षा फोम किती घट्ट आहे आणि टाचेखालचा तळ किती रुंद आहे ते बघावं.

यानंतर सरांनी दोन्ही बूट हातात घेतले आणि त्यांचं लक्ष टिकाऊपणाकडे गेलं. खरं तर या बाबतीत त्यांचा हात माझ्यापेक्षा तयार आहे. शाळेच्या स्टोअररूममधले फुटबॉल, गाद्या, स्पाइक्स त्यांनीच वर्षानुवर्षं वापरण्याजोगे ठेवले होते.

त्यांनी माझा बूट उलटा केला. टाचेच्या बाहेरच्या कोपऱ्यावरचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं, बाकी रबर जवळजवळ नवं. पण रबर आहेच किती? वजन वाचवायला या बुटांच्या तळाला रबराचे तुकडे तेवढे चिकटवतात, मधला फोम उघडाच राहतो. त्या उघड्या फोमला बारीक खड्यांनी खळगे पडले होते आणि एका खाचेत काळ्या मातीची वाळलेली गोळी अजून बसलेली होती. मग त्यांनी बूट सरळ केला आणि बाजूनं तळ बघितला. कोऱ्या बुटाच्या फोमची भिंत गुळगुळीत होती. माझ्या बुटाच्या टाचेपाशी आडव्या बारीक सुरकुत्या एकाखाली एक पडल्या होत्या. त्यांनी आधी कोऱ्यात अंगठा दाबला, मग माझ्यात. कोऱ्यात अंगठा आत गेला आणि फोमनं तो लगेच परत ढकलला. माझ्या बुटात आत गेलेला भाग हळूहळू वर आला. ताजा लादीपाव आणि परवाचा लादीपाव यांत दाबल्यावर जेवढा फरक लागतो, तेवढा.

सर – म्हणजे रबर झिजायच्या आधीच गादी संपली.

मी – संपली नाही, पण बरीच खर्ची पडली. फोममध्ये वायूच्या बारीक बारीक पोकळ्या असतात. पाय पडला की त्या दबतात, सुटला की फुलतात. सात मिनिटांना एक किलोमीटर अशा चालीनं पळालं तर एक पाय किलोमीटरमागं पावणेसहाशे वेळा जमिनीवर पडतो, दरवेळी शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीनं. पाचशे किलोमीटरला एका बुटावर जवळजवळ तीन लाख दणके. पोकळ्यांच्या भिंती मोडत जातात.

सर – आणि वरून बूट नवाच दिसतो.

मी – तेच सांगतेय. अमेरिकेत १९८५ मध्येच मोजून झालंय. धावपटूंनी वापरलेल्या बुटांची धक्का शोषायची ताकद आठशे किलोमीटरनंतर तीस टक्क्यांनी घटली होती. तेव्हाचे फोम वेगळे होते, पण दिशा तीच.

सर – पैशाचा हिशेब कर. पंधरा हजार. सहाशे किलोमीटर पकड.

मी – किलोमीटरला पंचवीस रुपये.

सर – मोटरसायकलला किलोमीटरला दोन-अडीच रुपयांचं पेट्रोल लागतं. चार हजारांचा साधा बूट तेवढाच चालला तर?

मी – सात रुपयांच्या आत.

सर – मग या वरच्या अठरा रुपयांत काय मिळतं, ते पळणाऱ्याला सांगायला नको? गावातल्या पोरांना कोणी सांगत नाही. बाप उधारी करून बूट घेऊन देतोय आणि पोरगं तोच घालून कॉलेजात, बाजारात, लग्नात फिरतंय.

हा हिशेब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण पैसे देतो ते त्या फोमसाठी, आणि बुटात सगळ्यात आधी जातो तो फोमच. चालण्यात, उभं राहण्यात, मोटरसायकलचा ब्रेक दाबण्यात तो वाया घालवण्यासारखा नाही.

सरांच्या पायात कोल्हापुरी होती. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सोलापूरबरोबर सांगली आणि सातारा हे जिल्हेही आहेत. त्यांनी चप्पल काढून टेबलाशेजारी ठेवली.

सर – पट्टा तुटला, पट्टा बदलला. तळ झिजला, तळ बदलला. शिवण उसवली, परत घातली. टिकाऊ मी याला म्हणतो. जे दुरुस्त होतं ते टिकतं. हा बूट दुरुस्त होतो का?

मी – वरून होतो. पावसाळ्यात पुढचं टोक सुटलं होतं. सांगलीत गटई स्टॉलवर दाखवलं. दादांनी जुनं सोल्युशन खरवडलं, नवं लावलं, कडेनं शिलाई मारली, अजून तसूभर हललं नाही. पण टाचेखालचा दबलेला भाग दाखवला तर म्हणाले, ताई, हे आत बसलंय, याला माझ्याकडं औषध नाही.

सर – बरोबर बोलला तो.

मी – पण सर, कोल्हापुरी घालून यवतेश्वरचा घाट पळून उतरता येणार नाही.

सर – नाही येणार. आणि या बुटात उतरताना काय होतं?

साताऱ्याच्या शर्यतीत यवतेश्वरचा घाट आधी चढायचा आणि मग तोच उतरायचा असतो. उतारावर प्रत्येक पावलाला मांड्या ब्रेक लावतात, टाच आपटते, आणि तिथं जाड गादी खरोखर कामाला येते. दुसऱ्या दिवशी माझ्या मांड्या जड होत्या, पण तळवे आणि टाचा दुखल्या नाहीत. वळणावर मात्र उंच तळाचा घोट्यावर ताण जाणवतो. रस्ता ओला असेल तर उघड्या फोमची पकड रबराएवढी नसते. आणि सर्वांत वाईट जागा म्हणजे आमचा रोजचा रस्ता. गळीत हंगामात समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला की पळणारा डांबर सोडून साइडपट्टीवर उतरतो. डांबर आणि मातीतली ती चार बोटांची पायरी या बुटात पटकन लक्षात येत नाही. पाय बाहेर कलंडतो तो तिथंच. सरांच्या ‘जमीन कळते का’ या पहिल्या प्रश्नात तथ्य आहे ते इथं.

सर – मग तू काय करतीस?

मी – आठवड्यातून एकदा, लांब पल्ल्याला, हा. बाकी दिवस साधा, कमी उंचीचा. दोन जोड आलटूनपालटून वापरले तर फोमला परत फुलायला वेळ मिळतो.

सर – आणि अनवाणी?

मी – तुम्ही सांगाल तर मैदानावर, गवतात, शेवटची दहा मिनिटं.

सर – दहा नको, पाचपासून सुरू कर. आणि एका पायावर उभं राहून दात घासायचे, दोन्ही पायांवर. हे मी तुला सातवीतच सांगितलं होतं.

इथं आमचं एकमत झालं, पण पुरतं नाही. सरांच्या मते शाळकरी मुलांना हा बूट देऊच नये, साधा कॅनव्हासचा किंवा पातळ तळाचा बूट आणि मातीचं मैदान पुरेसं आहे. मुलांच्या बाबतीत मीही त्यांच्या बाजूनं आहे. पन्नाशीत डांबरावर पळणाऱ्यालाही तेच पुरेल, हे त्यांचं म्हणणं मला मान्य नाही, आणि त्यांनी ते सोडलेलंही नाही.

घ्यायचाच असेल तर माझा निकाल असा. आधीच नियमित पळत असाल, दीड तासाच्या वर पळत असाल आणि तळवे-टाचांना डांबराचा त्रास होत असेल, तर हा बूट जरूर घ्या. आरामाला तो उत्तम आहे. टिकाऊपणाला मध्यम, आणि किंमत धरली तर मध्यमाच्याही खाली. पळायला नुकतीच सुरुवात करत असाल तर पहिला बूट म्हणून हा घेऊ नका. घोटा वारंवार मुरगळत असेल तरीही नको. घेतलात तर आत जिभेवर पेनानं खरेदीची तारीख लिहा आणि किलोमीटरची नोंद ठेवा. उन्हात पत्र्यावर वाळवू नका, गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत ठेवा. मशीनमध्ये धुऊ नका. चारशे किलोमीटरनंतर दर महिन्याला टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कललेली दिसली किंवा अंगठ्यानं दाबलेला फोम हळू वर यायला लागला, की तळाचं रबर कितीही शाबूत असलं तरी तो जोड पळण्यातून काढा आणि चालायला ठेवा.